मुल्हेरची कोजागरी आणि डेंगळ्यांचा कांदा



गेला आठवडाभर पेजवर काही टाकलं नाही. तिघाचौघांचे फोन आले, पावसात द्राक्षाचं काय झालं म्हणून. सांगतो. पण नुसतं द्राक्षाचं सांगता यायचं नाही. शनिवार ८ ऑक्टोबर ते सोमवार सकाळ या दोन-अडीच दिवसात द्राक्ष, कांदा, एक जुना दोस्त आणि मुल्हेरची कोजागरी असं सगळं एकावर एक आलं. लांबलचक होणार आहे. ज्यांना फक्त बागेचं पाहिजे त्यांनी शेवटाकडे जावं, राग नाही.

आधी शेताची परिस्थिती. द्राक्ष दीड एकर, छाटणी २६ जुलैची. म्हणजे रविवारी ७५ वा दिवस, मण्यात पाणी उतरायला नुकती सुरुवात. आम्ही बागलाणवाले अर्ली धरतो तो जुगारच म्हणा. बाकीचा नाशिक जिल्हा ऑक्टोबरात छाटणीची कात्री हातात घेतो, तेव्हा आमचे घड भरत आलेले असतात. भाव मिळतो तो त्याच कारणाने, आणि पाऊस मारतो तोही त्याच कारणाने. यंदा दसरा झाला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. त्यात शुक्रवारी मोबाईलवर मेसेज, पुढचे तीन दिवस विजांसह पाऊस.

कांद्याचं म्हणाल तर चाळीत उन्हाळ अजून दीडेकशे क्विंटल पडून. भाव हजार-बाराशेच्या आसपास घुटमळत होता. विकावं तर झालेला खर्च अंगावर येतो, ठेवावं तर खालून पाणी सुटतंय आणि वरून कोंब येताहेत. रोज सकाळी चाळीत गेलं की वास सांगतो, आज किती गेले.

शनिवारी दुपारी दोस्त आला. त्याचं नाव टाकत नाही, नको म्हणालाय. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. दहावीला मी काठावर पास झालो, तो गणितात गेला. पण गळा त्याला असा होता की शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला बसला की रस्त्याने जाणारा सायकल थांबवायचा. मला गळा नाही. माझ्याकडे टाळ असायचे. त्याने उचलायचं आणि आम्ही मागे धरायचं, अशी वीस-बावीस वर्षं गेली.

२००९ साली त्याच्या डाळिंबात तेल्या शिरला. दोन एकर भगवा, फळ लिंबाएवढं झालेलं. जुन्या लोकांना ते साल आठवत असेल. काळे तेलकट डाग, मग मधून तडा, मग फळ खाली. फवारून फवारून माणूस कर्जात गेला आणि बाग गेलीच. पुढच्या वर्षी झाडं उपटली, जमीन भावाला वाट्याने दिली आणि तो नाशिकला एका कंपनीच्या गेटवर उभा राहिला. बारा वर्षं झाली. येतो, लग्नाकार्याला येतो, पण भजनाला बसलेला मी पाहिला नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, रात्रपाळीने घसा गेला.

तर तो शनिवारी अचानक आला. घरी न जाता आधी माझ्या मळ्यात. मी आणि घरची चाळीत डेंगळ्यांसाठी कांदा निवडत होतो.

"कव्हय उना रे भो?"

"आत्ताच. वहिनी, चहा नंतर. सरका जरा."

आणि बसला खाली मांडी घालून. बारा वर्षं गेटवर उभा राहिलेला माणूस, पण हात विसरलेला नाही. कांदा उचलायचा, मानेजवळ अंगठा फिरवायचा, बुडाशी बघायचं, आणि बाजूला. आमच्या घरची म्हणाली, "भाऊजी, तुम्ही निवडताय की गोंजारताय?"

नवीन मुलांसाठी इथे थोडं लिहून ठेवतो. डेंगळ्यांना घ्यायचा कांदा म्हणजे चाळीत सहा महिने राहून जो टणक राहिला तो. ही पहिली परीक्षा त्याची त्यानेच दिलेली असते, आपण फक्त निकाल बघायचा. मान बारीक पाहिजे. जाड मानेचा पुढे लवकर सडतो. रंग सगळ्यांचा एकसारखा, आकार मध्यम. जोड कांदा किती का चांगला दिसेना, बाजूला टाका. लावताना वरचा एक तृतीयांश भाग कापतो, तेव्हा आत एकच डोळा आहे का ते दिसतं. दोन दिसले की तोही काढून टाका, मोह करू नका. मग बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून सरीला. पाच गुंठ्याला सव्वा ते दीड क्विंटल कांदा लागतो. मागच्या साली मला पाच गुंठ्यात वीस किलो बी मिळालं. गारपीट नसती तर तीसच्या पुढे गेलो असतो.

आणि अंतर. आजूबाजूला दुसऱ्या जातीचे डेंगळे फुलावर असतील तर मधमाशी काही सातबारा बघून बसत नाही. किमान एक किलोमीटर लांब पाहिजे. माझी यंदाची अडचण हीच. खालच्या मळ्याच्या बांधाला लागून शेजाऱ्याने लाल कांद्याचे डेंगळे धरायचं ठरवलंय. त्याच्या रानात तो काय लावेल, त्यावर माझं काय चालणार? म्हणून माझी नजर वरच्या माळाकडे होती. तिथे माझं डाळिंब आहे, दुसरी जागा नाही. आणि त्या डाळिंबाला लागून आहे ती या दोस्ताची दोन एकर. भावाने गेल्या वर्षापासून करणं सोडलं, तेव्हापासून पड आहे. त्या दोन एकरात एक विहीर आहे. मे महिन्यात माझं डाळिंब टँकरवर असतं तेव्हासुद्धा तिच्या तळाला पाणी असतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

संध्याकाळी चहाला मास्तर आले. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आमच्या भजनी मंडळातले पखवाजवाले. आल्या आल्या त्यांचं एकच, उद्या मुल्हेर. कोरोनाने दोन वर्षं जाणं झालं नव्हतं. यंदा कोजागरी रविवारी, पिकअप तयार, पेटीवाले अण्णा तयार, दोन कॉलेजची पोरं यायला तयार. मी पावसाचं नाव काढलं. बाग या अवस्थेत सोडून रात्रभर बाहेर कसं राहायचं?

आमचा मोठा मुलगा कृषी पदविका करून दोन वर्षांपासून घरीच शेती बघतो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही इथे असलात तर पाऊस थांबणार आहे का? जा तुम्ही. ब्लोअर मला चालवता येतो."

येतो, हे मला माहीत आहे. पण रात्री, एकट्याने, अंधारात? ते कधी केलेलं नव्हतं. मी गप्प राहिलो. दोस्ताने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चाल रे भो. मन्हं पण व्हई जाई."

तो स्वतःहून येतो म्हणतोय म्हटल्यावर माझा नकार संपला. रात्री झोपताना रस्त्याने गडाकडे निघालेले कावडीवाले जात होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला. कोजागरीला सप्तशृंगीच्या अभिषेकाला कुठून कुठून नद्यांचं पाणी खांद्यावर येतं. एवढ्या चिखलपाण्यात ती माणसं चालतात आणि मी पिकअपमध्ये बसून जायला कुरकुर करतोय, हेही मनात आलं.

रविवारी सकाळी बागेत दोन तास घातले. घडाभोवतीची दाट पानं काढून हवा खेळती केली. ठिबक बंद न ठेवता रोजच्यासारखं थोडं पाणी दिलं. पाऊस येणार म्हणून पाणी तोडायचं आणि जमीन कोरडी पाडायची, ही चूक मी २०१९ ला केली होती. कोरड्या जमिनीवर एकदम पाऊस पडला की मुळी अधाशासारखी पाणी ओढते आणि मणी तडकतो. औषधाचं म्हणाल तर आता काढणीपूर्व मुदत बघितल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. मुलाला सगळं सांगून अकराला निघालो.

सटाण्याहून ताहाराबाद, तिथे चहा-भजी, आणि पुढे मुल्हेरचा रस्ता. शरदातला आमचा हा पट्टा बघावा. डोंगर अजून हिरवे, मक्याची कणसं खळ्यावर, बांधाला तिळाची पांढरी फुलं. मांगी आणि तुंगी ही दोन शिखरं अख्ख्या रस्त्याला सोबत करतात. पोरांनी हट्ट केला म्हणून हरणबारी धरणावर गेलो. मोसम नदीचं पाणी, काठोकाठ. दोस्त बराच वेळ भिंतीवर उभा होता. म्हणाला, "एवढं पाणी बघितलं की अजून शेती करावी वाटते." सगळे हसले. मी पण हसलो, तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

मास्तर बरोबर असले की इतिहासाचा तास चुकत नाही. मुल्हेर म्हणजे बागुल राजांची राजधानी. त्यांच्या दरबारातल्या रुद्रकवीने १५९६ साली राष्ट्रौढवंश नावाचं संस्कृत महाकाव्य याच घराण्यावर लिहिलं. १६३८ ला औरंगजेबाने, तेव्हा तो शहाजादा होता, बागलाण घेतलं आणि राज्य संपलं. एका पोराने विचारलं, "सर, मग राजाचं काय झालं?" मास्तर म्हणाले, "राजा गेला, भजनं राहिली. चला, गड चढू."

मास्तर सत्तरीला आले तरी पोरांना घेऊन माचीवरच्या गणेश मंदिरापर्यंत चढून आले. त्या मंदिराला लागून तळं आहे, या दिवसात कमळं असतात. माझ्या गुडघ्याने सुट्टी मागितली. मी आणि दोस्त खाली चिंचेच्या सावलीला बसलो. अण्णा पिकअपमध्ये घोरत होते.

तिथे त्याने सांगितलं. सोमवारी अकरा वाजता सटाण्यात विसार घ्यायचाय. दोन एकर काढतोय. बाहेरची पार्टी आहे, भाव बरा देतेय. मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष, खोलीचं भाडं, आणि पन्नाशीनंतर गेटवर किती दिवस ठेवतील याचा भरवसा नाही. "भाऊ म्हणाला आधी तुला विचार. बांध तुझा लागतो."

मंडळी, इथे मी खोटं लिहिणार नाही. माझ्या मनात पहिला विचार दोस्ताचा आला नाही, विहिरीचा आला. ते पाणी मिळालं तर वरचं डाळिंब टँकरमधून सुटतं. दुसरा विचार पैशाचा आला. द्राक्ष अजून वेलीवर, कांदा चाळीत सडतोय, सोसायटीचं कर्ज उभं. मी आज विसार देऊ शकत नाही. आणि तिसरा विचार आला तो सांगायलाही लाज वाटते. तो डिसेंबरपर्यंत थांबला तर द्राक्षाचा पैसा येईल, आणि तोवर त्याला घाई होईल. घाईतला भाव कमी असतो.

मी म्हणालो, "दोन दिवस दे मला."

तो म्हणाला, "दिवस कुठून देऊ? उद्या अकराला आहे."

पोरं खाली उतरली, विषय तिथेच राहिला.

आता मुल्हेरचं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. उद्धव महाराजांच्या समाधी मंदिरात कोजागरीच्या रात्री रासक्रीडेचा उत्सव असतो, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. बांबूचं एक मोठं चक्र केळीच्या पानांनी आणि झेंडूच्या फुलांनी सजवतात. सूर्य मावळताना आणि चंद्र वर येताना ते खांबावर चढवतात. मग त्या चक्राखाली रात्रभर पदं. सकाळी सूर्य उगवायच्या वेळेला चक्र उतरवतात. डीजे नाही, झगमगाट नाही. पुढे जाणती मंडळी बसतात, गाव मागे धरतं. काही पदं मराठी, काही व्रजाच्या आणि गुजरातीच्या वळणाची. म्हणणाऱ्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ लागतोच असं नाही, पण जागा चुकत नाही. कुठे थांबायचं, कुठे टाळ दाबायचा, कुठे आवाज सोडायचा हे आधीच्याच्या मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय येत नाही. वह्या आहेत, वहीत शब्द आहेत. चाल वहीत नाही.

मी पहिल्यांदा आलो तो सहा-सात वर्षांचा असताना, मामाच्या बैलगाडीतून. दोस्ताचे वडीलही त्याला घेऊन यायचे. आम्ही दोघं गोधडीत झोपायचो आणि झोपेतच ऐकायचो. त्यामुळे मला कितीतरी पदं अर्धी अर्धी येतात. मधली कडवी झोपेत गेलेली.

यंदा चक्र चढलं तेव्हा आभाळ होतं. चंद्र ढगाआडून डोकावायचा आणि जायचा. गर्दी बऱ्यापैकी. दोन वर्षांनी माणसं एकमेकांना बघत होती. काही नेहमीच्या जागा रिकाम्या होत्या. त्याबद्दल कोणी बोललं नाही, फक्त त्या जागी लगेच कोणी बसलं नाही.

आम्ही मागे खांबाजवळ बसलो. अण्णा आणि मास्तर ओळखीच्यांत पुढे सरकले. मी पिशवीतून टाळ काढले. दोस्त भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसला, गेटवर बसतो तसा. दहा वाजले, अकरा वाजले. मसाला दूध आलं. तो गप्पच. मीही टाळ वाजवत होतो, पण डोक्यात विहीर.

एक-दीड वाजला असेल. पुढच्या एका म्हाताऱ्या बाबांनी एक संथ पद उचललं. पंच्याऐंशीचे तरी असतील. आवाज कापत होता, पण सूर जागेवर. दोन कडवी झाली आणि तिसऱ्याला बाबा थांबले. शब्द सापडेना. पखवाज ठेका धरून राहिला. शेजारचा वही चाळायला लागला, चष्मा शोधायला लागला. बाबांनी पुन्हा मागची ओळ घेतली आणि पुन्हा तिथेच येऊन अडकले.

तेव्हा माझ्या उजव्या बाजूने आवाज आला. दोस्ताचा. भिंतीला टेकलेला होता तसाच, डोळे मिटलेले. पुढची ओळ त्याने बरोबर त्या मात्रेवर उचलली. घसा जाड झालाय, वरच्या जागेला फाटला, पण थांबला नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. बाबांनी वळून बघितलं, हाताने जागा दाखवली आणि म्हणाले, "बठ आठे."

तो उठून पुढे गेला. बाबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. ते पद पूर्ण केलं, मग दुसरं घेतलं, मग तिसरं. बाबा पहिला शब्द सांगायचे, हा पुढे न्यायचा. मी मागून टाळ धरला होता. बारा वर्षांनी त्याच्या मागे. हात आपोआप त्याच्या लयीला गेले. मास्तरांनी पखवाजावरून माझ्याकडे एकदा बघितलं, बस.

दोन चाळीसला फोन थरथरला. मुलगा. बाहेर येऊन घेतला. "बाबा, जोराचा आलाय. वीस मिनिटं झाली. थांबला की मी ट्रॅक्टर काढतो."

मी म्हणालो, निघतो. इथून घर तासाभराचं. आत आलो दोस्ताला उठवायला. तो डोळे मिटून गात होता, घामाने शर्ट चिकटलेला. पद अर्ध्यावर. मी दोन मिनिटं उभा राहिलो. मागचा एक जण म्हणाला, "बस ना बाबा, आडवा येतोस." मी बसलो.

मुलाला मेसेज केला, टाकी रिकामी ठेव, नुसती हवा मार, आरपीएम कमी ठेव. उत्तर आलं, माहिती आहे.

पहाटे चक्र उतरताना बघितलं. झेंडूची चार फुलं खिशात ठेवली, दरवर्षी ठेवतो. सहा-साडेसहाला निघालो. गाडीत कोणी बोललं नाही. ताहाराबादच्या पुढे रस्ता ओला होता, आमच्या गावाजवळ शेतात पाणी साचलेलं.

आता बागेचं, ज्यांनी त्यासाठी फोन केले त्यांच्यासाठी. पाऊस साधारण पाऊण तास. मुलाने सव्वातीनला ट्रॅक्टर काढला आणि पाच वाजेपर्यंत सगळ्या ओळीतून रिकामा ब्लोअर फिरवला. घडात साचलेलं पाणी उडालं. ज्या चार ओळीत चिखलामुळे ट्रॅक्टर जाईना, तिथे त्याने आणि त्याच्या आईने हाताने तारा हलवून पाणी झाडलं. मी सकाळी मोजलं. तडकलेले मणी असलेले घड एकूण साठ-सत्तर, बहुतेक उताराच्या टोकाला जिथे पाणी थांबतं तिथे. ते मणी त्याच दिवशी कात्रीने काढले, नाहीतर सड शेजारच्या मण्याला लागते. पहिल्या दोन ओळीत त्याने ब्लोअर जरा जास्त पळवला, मण्यावरची पांढरी लव उडाली. तो माल दिसायला थोडा कमी पडेल. मी त्याला काही बोललो नाही. त्यानेच दाखवलं आणि म्हणाला, तिसऱ्या ओळीला समजलं. डावणीचे डाग आजपर्यंत पानावर तुरळक, घडावर नाहीत. आणखी आठ दिवस रोज सकाळी पानाची खालची बाजू बघतोय.

दोस्त आमच्याबरोबर बागेत फिरला. बूट चिखलात. मग म्हणाला, चल वर जाऊ. वरच्या माळावर गेलो. त्याच्या दोन एकरात गवत कमरेएवढं, विहिरीत पाणी हाताने घेता येईल एवढं वर आलेलं. काठावर बसलो. साडेनऊ वाजले होते, विसाराला दीड तास.

मी त्याला रात्री मनात आलेलं सगळं सांगितलं. विहिरीचं, घाईतल्या भावाचंसुद्धा. तो जरा वेळ बघत राहिला माझ्याकडे. मग हसला. म्हणाला, "तू टाळवालाच राहशील. जागा बघून वाजवतोस."

मी म्हणालो, आज विकत घ्यायला माझ्याकडे पैसे नाहीत, आणि दिवाळीनंतर असतीलच असंही नाही. पण यंदा इथे डेंगळे लावू. पाच नाही, पंधरा गुंठे. कांदा माझा, मेहनत माझी आणि मुलाची, जमीन-पाणी तुझं. बी निघेल त्यात निम्मं तुझं. शेजाऱ्याचे लाल डेंगळे इथून दीड किलोमीटरवर, भेसळीची भीती नाही. चैत्र-वैशाखात बी झाडून घेतलं की मग विक. मला विक, नाहीतर बाहेर विक. मी तोंड उघडणार नाही.

तो म्हणाला, निम्म्या बियाने मुलीची फी भागत नाही. खरं आहे, भागत नाही. मी हिशोब करून दाखवला, तर त्याने माझा हिशोब दुरुस्त केला, मजुरी धरली नव्हती. गणितात नापास झालेला माणूस. मग त्याने बायकोला फोन लावला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मग त्या पार्टीला फोन लावला. दिवाळीनंतर बघू म्हणाला. पलीकडचा माणूस चिडलेला ऐकू येत होता. तो दिवाळीनंतर येईल का, तोच भाव देईल का, हे दोघांनाही माहीत नाही. न देईल तर दोष माझ्यावर आहे, हेही मला कळतं. घरच्यांनीही तेच ऐकवलं.

दुपारी दोनच्या बसने तो नाशिकला गेला, रात्रपाळी होती. जायच्या आधी अर्धा तास चाळीत बसला. मुल्हेरच्या बाबांनी त्याचा नंबर घेतलाय. काही पदं त्याच्याकडून पक्की करून घ्यायचीत म्हणाले, महिन्यातून एकदा ये. तो जाईल की नाही, माहीत नाही. सुट्टी मिळाली तर जाईन म्हणाला.

डेंगळ्यांच्या दोन क्रेट त्याने स्वतः निवडून भरल्या आणि त्यावर खडूने त्याचं आडनाव लिहिलं. वाफसा आला की वरच्या माळाची नांगरट काढायची, दिवाळीनंतर लागवड. पंधरा गुंठ्याला चार-साडेचार क्विंटल लागेल, अजून निम्मासुद्धा निवडून झालेला नाही. उद्या पाऊस नसला तर पुन्हा चाळीत बसतो.